तिपव्वक्काची बंदी

माझ्या गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग आणि नोकरी मत्स्य खात्यात. कडगंचीच्या आमच्या घरात हा विनोद मी निवृत्त होईपर्यंत शिळा झाला नाही. नेमणुकीचा कागद आला तेव्हा वडिलांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि आईला म्हणाले, "सरकारला आपल्याच पोराच्या हातनं मासे मोजून घ्यायचेत, त्याला आपण काय करणार!" आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरून दिली आणि एवढंच बजावलं, "बघ, मोज, पण चाखू नको."

मी आजवर मासा चाखला नाही. पण माशातलं जे काही थोडंफार कळतं ते खात्याच्या प्रशिक्षणात शिकलेलं नाही. ते तिपव्वक्काच्या पुट्टीत बसून शिकलो. पुट्टी म्हणजे वेताची गोल होडी. वल्हं मारणाऱ्याचं मन तिच्यावर नसेल तर ती जागच्या जागी गरगर फिरते. तिपव्वक्का मला आत बसवायची, मधोमध नेऊन दोनचार गरके मुद्दाम द्यायची आणि माझा चेहरा पांढरा पडला की म्हणायची, "आता ऐका. आता तुमचं ध्यान कागदात न्हाई."

धरण हळ्ळीखेडच्या पुढं. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर उद्या तिथं कुणी ना कुणी गाडी घेऊन हजर होईल आणि माझ्या नावानं तिथली मंडळी बोटं मोडतील. काठावर कोळ्यांची साठ-सत्तर घरं. यांची शेतं धरणात गेली आणि त्या शेतांवर जे पाणी चढलं त्यातला मासा तेवढा यांच्या वाट्याला राहिला. पण धरणातला मासा म्हणजे काही आपल्या परसातली कोंबडी नव्हे. तो धरायचा हक्क ठेक्यानं मिळतो, आणि बरीच वर्षं हा ठेका बाहेरच्या एका ठेकेदाराकडे होता. घरची माणसं त्याच्या हाताखाली जाळी ओढायची. मग वस्तीनं संघ काढला, हेलपाटे घातले आणि ठेका कसाबसा स्वतःकडे आणला. मी तिथं फील्डमन म्हणून गेलो ते त्यानंतर लगेच.

पहिल्या दिवशी मी पोलादी पट्टी आणि बारीक जाळ्यांविरुद्धची नोटीस घेऊन काठावर उतरलो. गडी माणसं जाळी विणण्याचं नाटक करत माना खाली घालून बसली होती. एक उंच, वाळलेली, इरकल नेसलेली बाई तेवढी उभी राहिली. हीच तिपव्वक्का.

"मासे खाता काय सायेब?"

"नाही."

"कामून?"

"आमच्यात चालत नाही."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं झालं. मागचे सायेब लई खायचे. तुमी निदान पाटी भरून घरला न्यायचा न्हाई." आणि मागं वळून म्हणाली, "दाखवा रे यास्नी जाळी. ह्यो मानूस परवडला."

मी पट्टी काढली आणि जाळ्याचा डोळा मोजायला लागलो. ती हसली. तिनं उजव्या हातातलं पितळी कडं उतरवलं आणि त्या डोळ्यातून आरपार घातलं. नवरा गेल्यावर काचेच्या बांगड्या गेल्या, हे कडं तिनं ठेवलं होतं. ज्या डोळ्यातून कडं निघेल ते जाळं चांगलं, अडकेल ते वाईट. कारण कड्यातून निसटणारा मासा अजून लेकरू आहे, त्याला जाऊ द्यायचं. मी पट्टी लावून बघितलं. खात्याच्या मापात आणि तिच्या कड्यात नखाएवढा फरक होता, तोसुद्धा माशाच्या बाजूनं. त्या दिवसापासून माझी पट्टी कार्यालयाच्या टेबलावर कागद फाडायच्या कामी आली.

तिपव्वक्का संघाची अध्यक्ष झाली ती अपघातानं. दोन भावकींची दोन माणसं अध्यक्षपदासाठी हमरीतुमरीवर आली होती, त्यातला एक तिचा सख्खा दीर, मोनप्पा. शेवटी दोघांनी मिळून विचार केला की बाई बसवू; अंगठा उठवील आणि गप्प राहील. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं हे खरं. गप्प बसता येत नव्हतं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. कुठलाही कागद आला की ती आधी एकाला वाचायला लावायची. मग त्याला चहा प्यायला पाठवून तोच कागद दुसऱ्याला. दोघांच्या वाचनात फरक पडला की दोघांना समोरासमोर बसवायची. महिन्याभरात वस्तीतली माणसं न गाळता, न घालता वाचायला शिकली. असली साक्षरता मोहीम मी दुसरी बघितली नाही.

तिच्या तोंडात चार भाषा होत्या आणि प्रत्येकीचं काम ठरलेलं. पुट्टीवाल्यांशी कन्नड, बाजारातल्या बायकांशी मराठी, मासा न्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांशी दखनी, आणि शिव्या तेलुगूत. माहेर औरादच्या पलीकडचं, त्यामुळं त्या शिव्या अस्सल होत्या. अर्थ कुणाला कळायचा नाही, आणि म्हणूनच त्या जास्त लागायच्या. मी एकदा एका शिवीचा अर्थ विचारला. म्हणाली, "तुमी लिंग बांधता. तुमाला सांगून मी कामून पाप घेऊ?"

मत्स्यबीज सोडण्याचा तो कार्यक्रम मात्र मी जन्मात विसरणार नाही. धरणात दरवर्षी माशांची बोटभर पिल्लं सोडतात. ती हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येतात, आणि पिशवीतलं पाणी तापलं की पिल्लं मरतात. आमच्याकडची रीत अशी की पाहुण्यांशिवाय, पूजेशिवाय आणि भाषणाशिवाय काही सोडायचं म्हणजे अपशकुन. मंडप घातला होता, त्यात पाहुणे. पिशव्या बाहेर उन्हात, कारण फोटोला उजेड बरा. नारळ झाला, हार झाले, प्रत्येक पिशवीला हळदकुंकू लावून झालं. मग पाहुणे माइकसमोर उभे राहिले आणि नीलक्रांतीचा उगम सांगू लागले. मी घड्याळाकडे बघत होतो, साहेबांकडे बघत होतो, आणि हात बांधून उभा होतो. खात्यात राहायचं तर हात बांधून उभं राहता यावं लागतं.

तिपव्वक्का अध्यक्ष म्हणून मंचावर होती. ती उठली, खाली उतरली, दोन पिशव्या काखेत मारल्या आणि पाण्याकडे चालू लागली. पाहुणे थांबले. तिनं तिथूनच ओरडून सांगितलं, "बोला तुमी, बोला! तुमचं भाषान हिकडं बी ऐकू यायलंय. पिल्लास्नी न्हाई समजत, त्यास्नी नुस्तं गरम व्हायलंय." मग काय, बायका उठल्या, गडी उठले. मंडपात पाहुणे, माइकवाला आणि मी. पिशव्या तोंड न उघडता आधी पाण्यात तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होऊ दिलं आणि मग पिल्लं सोडली. पाहुण्यांचं नशीब चांगलं की त्यांना हसू आलं. पुढच्या वर्षीपासून आधी पिल्लं, मग नारळ, आणि भाषण सावलीत, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं.

मरळीवर तिचा विशेष जीव. मरळ हा मासा आपल्या पिल्लांचा लालसर पुंजका पाण्याच्या वरच्या थरात घेऊन हिंडतो, आणि आईबाप खाली राखण करतात. अशा वेळी मरळ धरणं सगळ्यांत सोपं, कारण ती पिल्लं सोडून पळत नाही. तिपव्वक्का तसा पुंजका दिसला की वल्हं उचलून धरायची आणि पुट्टी आपोआप पुढं सरकेपर्यंत बोलायची नाही. एकदा मी म्हटलं, "अक्का, ही तर हातानं धरता येईल." ती म्हणाली, "म्हनूनच धरायची न्हाई." आणि वर पुस्ती जोडली, "पिल्लं निराळी झाल्यावर बगा तिला. चुलीवर लई ग्वाड लागती." मासा तिला देव नव्हता. तो तिला खायचा होता, पुढच्या वर्षीही, आणि तिच्या नातवंडांनाही.

पण धरणातला मासा त्या दिवसांत खरोखरच संपत आला होता. ठेकेदार गेला तरी त्याची बारीक जाळी इथंच राहिली होती. शिवाय पावसाळ्यात, अंडी घालायला मासा नाल्याच्या तोंडाशी गोळा झाला की सगळी वस्ती तिथंच तुटून पडायची. कागदावर पावसाळ्यात दोन महिने बंदी होती. ती कागदावरच होती, आणि तो कागद माझ्या पिशवीत. दोन-तीन वर्षांत ठेक्याचा फेरविचार व्हायचा होता. धरणात मासा दिसला नाही तर संघाकडून ठेका जाणार, जुना ठेकेदार टपून बसलेलाच होता. आणि ठेका गेला की ही घरं पुण्याला नाही तर हैदराबादला विटा उचलायला जाणार. हे गणित प्रत्येकाला कळत होतं, आणि प्रत्येक जण शेजारी जाळं टाकतो म्हणून जाळं टाकत होता.

तिपव्वक्कानं कायद्याचं नाव घेतलं नाही. मिरगाआधीच्या मंगळवारी तिनं सगळ्यांना नाल्याच्या तोंडाशी बोलावलं. हिरवा खण, नारळ, पाच मुठी ज्वारी घेऊन पाण्याची ओटी भरली. मग म्हणाली, "मासोळी आता पोटुशी हाय. माहेराला येनार. पोटुशी लेक माहेराला आल्यावर तिच्या अंगनात कुनी विळा परजतंय काय? पंचमीला झोका खेळून लेकी सासरी जात्यात. तिथपावतर जाळं न्हाई." प्रत्येक घरातल्या एकेकानं पाण्यात हात बुडवून शपथ घेतली. मोनप्पानंही घेतली, तोंड वाकडं करून.

दोन महिने खायचं काय, हा प्रश्न तिनं आधीच सोडवला होता. मासा मिळायच्या दिवसांत रोज प्रत्येक घरातून एक मूठ ज्वारी समाजाच्या खोलीतल्या कणगीत पडायची. बंदीत त्या कणगीतून घरटी माणसं बघून वाटणी. मूठ घालायला बायका यायच्या, आणि कुणाची मूठ लहान झाली हे बायकांच्या नजरेतून सुटत नाही. पहिली दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. नागपंचमी आणि सरकारी बंदीची अखेर चार-आठ दिवसांच्या फरकानं येत होती, त्यामुळं शपथ आणि कायदा हातात हात घालून चालले.

तिसऱ्या वर्षी घोटाळा झाला. ओटी भरली, शपथ झाली, आणि त्या वर्षी धोंडा महिना आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तोही नेमका श्रावणाला जोडून. अधिक श्रावण आधी, मग खरा श्रावण, मग पंचमी. म्हणजे सरकारी बंदी उठल्यावरही शपथ आणखी तीन आठवडे. त्यात पाऊस उशिरा आला. कणगी तळाला लागली होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो आम्ही अक्षरशः बघितला. आणि धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून वाण द्यायचं, गोडधोड घालायचं. मोनप्पानं त्याच वर्षी मुलीचं लग्न केलेलं. नवा जावई सिद्राम, अफजलपूरकडचा, भीमेकाठचा कोळी. पुरणाचे धोंडे तर करायचेच, पण कोळ्याच्या घरी नवा जावई आला आणि ताटात मासा नाही, ही नामुष्की मोनप्पाला सोसणारी नव्हती.

हॉटेलातल्या कॅलेंडरवर पंचमी कुठं आहे हे त्यानंच शोधून काढलं. कॅलेंडर खिळ्यावरून उपसून तो सरळ कडुलिंबाखाली घेऊन आला. दुपारी सगळे जमले. तिपव्वक्कानं माझ्याकडं बघितलं. "सायेब, खरं हाय काय?" मी पानं उलटली आणि म्हटलं, खरं आहे.

तिनं कॅलेंडर माझ्याकडून घेऊन मोनप्पाच्या हातात दिलं. मग म्हणाली, "चुकलं माझं. धोंडा म्हैना ध्यानात आला न्हाई."

एवढं सरळ कबूल केल्यावर भांडायला आलेल्या माणसाची पंचाईत होते. मोनप्पाची झाली. तो म्हणाला, "मग शपथ मोडली म्हन की!"

"चूक माझी. शपथ समद्यांची. ती मी एकली कशी मोडू?"

माझ्या पिशवीत बंदी उठल्याचा कागद त्याच दिवशी आला होता. मी तिला बाजूला घेतलं आणि मोठ्या धाडसानं सांगितलं की मी हा कागद आठ-पंधरा दिवस पिशवीतच ठेवतो, टपाल उशिरा आलं म्हणतो. वाटलं, खूश होईल. तिनं मला तेलुगूत पहिली आणि शेवटची शिवी घातली. मग मराठीत म्हणाली, "मी जनमभर कागद दोनदा वाचून घेतला, आन् तुमी मला कागद दडवायला शिकवायलाव? उद्या हे कळलं तर माझ्या शब्दाला कोन इचारंल? वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचला. तिच्या नियमाप्रमाणं दुसऱ्यानंही वाचला. अमुक तारखेपासून मासेमारीस मुभा.

"ऐकलं?" तिपव्वक्का म्हणाली. "सरकारची आडकाठी न्हाई. उद्या कुनी जाळं टाकलं तर पोलीस यायचा न्हाई, सायेब यायचा न्हाई, मी बी आडवी यायची न्हाई. फकस्त एक सांगते. पाऊस उशिरा आलाय, मासोळी आत्ता कुठं नाल्याला लागायलीय. तिनं ह्यो कागद वाचल्याला न्हाई." आणि घराकडं गेली. घरातली ज्वारी मापून कणगीत ओतली. तिच्या सुनेचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

मी त्या दिवशी गावात राहिलो. मनात फारशी आशा नव्हती. माणसाचं पोट कसं असतं हे मी दुकानदाराच्या घरात जन्मून बघितलं आहे.

सकाळी काठावर गेलो तर सगळे गडी जाळी खांद्यावर टाकून उभे. कुणी पाण्यात नाही, कुणी घरी नाही. ज्याचं त्याचं लक्ष मोनप्पाकडं. तो पुट्टी पाण्यात लोटत होता आणि सिद्राम, अंगात नवा सदरा, जरा ओशाळून शेजारी उभा होता. पहिलं जाळं पडलं की बाकीची पडायला उशीर नव्हता, आणि मग तीन वर्षं, कणगी, ठेका, सगळं त्याच पाण्यात गेलं असतं.

तिपव्वक्का आली. काही न विचारता मोनप्पाच्या पुट्टीत जाऊन बसली.

"अडवायला आलीस, वैनी?"

"न्हाई. जावयाची पाठराखीन म्हनून आले. टाक तू."

सासरा-जावई चढले आणि पुट्टी निघाली; नाल्याचं तोंड काठापासून जवळच. आम्हाला दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. मोनप्पानं जाळं फेकलं, थांबला, ओढलं. जाळ्यात एकच रोहू आला, पण केवढा! आम्ही तीन वर्षांत तेवढा बघितला नव्हता. त्यानं तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला, आणि माशाचं फुगलेलं पोट दाबलं जाऊन अंडी त्याच्या हातांवरून ओघळली, मनगटापर्यंत. मोनप्पा हातांकडं बघत राहिला.

तिपव्वक्का सिद्रामकडं वळली. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे नारायण. तो जे मागेल ते द्यायचं, नाही म्हणायचं नाही, ही रीत तिलाही माहीत आणि मोनप्पालाही. तिनं विचारलं, "जावई, धोंड्याचं वाण काय पायजे तुमाला? सासऱ्याच्या हातात हाय ते मागा."

त्या पोरानं "मासा" म्हटलं असतं तर संपलंच होतं. तिनं तीन वर्षांची कमाई एका परगावच्या माणसाच्या जिभेवर ठेवली होती.

सिद्राम पुढं वाकला. माशाच्या पोटाला त्यानं नुसतं बोट लावलं. मग म्हणाला, "मामा, आमच्याकडं भीमंत असला मासा माझ्या बापानं बघितलाय. मी न्हाई बघितला." सासऱ्याकडं बघून म्हणाला, "ह्योच द्या मला वाण. आन् सोडा त्याला."

मोनप्पानं मासा लगेच सोडला नाही, हेही सांगायला हवं. त्यानं वहिनीकडं बघितलं, जावयाकडं बघितलं, एकदा आभाळाकडं बघितलं. मग गुडघ्यावर बसून मासा पाण्यात धरला आणि त्याची शेपटी हलेपर्यंत हात काढले नाहीत. काठावर एकानं खांद्यावरचं जाळं खाली ठेवलं. मग दुसऱ्यानं. जावयाला त्या दिवशी पुरणाचे धोंडे आणि पिठलं मिळालं, आणि सासूनं पदराआडून तिपव्वक्काला जे काही म्हटलं ते मी इथं लिहीत नाही.

तीन आठवडे ओढाताणीचे गेले. हळ्ळीखेडला मजुरीला कोण गेलं, कणगीचा तळ खरवडून कण्या कुणी नेल्या, मला सगळं माहीत आहे. पण जाळं पडलं नाही. मासा लगेच वाढला असंही नाही. तो काही सरकारी आदेश नाही की निघाला आणि लागू झाला. पुढच्या वर्षी पंचमीनंतर मात्र जाळी ओढायला दोघांच्या जागी चौघं लागू लागले. ठेक्याच्या फेरविचाराला साहेब लोक आले तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्याकडं बंदी कोण राखतं? मोनप्पा पुढं होऊन म्हणाला, "आमी." तिपव्वक्का मागं उभी राहून पदर चघळत होती. ठेका संघाकडंच राहिला. तिनं त्याच बैठकीत अध्यक्षपद सोडलं आणि मोनप्पाचं नाव सुचवलं. मला रागच आला. म्हटलं, अक्का, याला? म्हणाली, "ज्यानं मासा हातात धरून सोडलाय, त्यालाच ठावं हाय सोडनं किती जड जातं. बाकीच्यास्नी न्हाई समजत."

मीही वर एक टिपण पाठवलं होतं, की बंदीची तारीख पावसावर ठरवावी, निदान काठावरच्या माणसांना विचारून. ते विचाराधीन आहे. मी निवृत्त झालो, ते अजून विचाराधीन आहे.

निवृत्तीनंतर एकदा आषाढात तिकडं गेलो. तिपव्वक्का आजारी आहे असं कळलं होतं. अंगणात बाजेवर पडली होती. मुळातच वाळलेली, आता पांघरुणाखाली कुणी आहे की नाही असं वाटावं. मला ओळखलं, हात धरला. उशाशी मोनप्पा बसला होता.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "मोन्या, तोंडाला चव न्हाई. मरळीचं कालवन पायजे मला. एक मरळ आन."

मला वाटलं थट्टा करते आहे. पण तिचे डोळे थट्टेचे नव्हते. तिला खरंच ते हवं होतं, लहान मुलाला हवं असतं तसं. धरण तिथून हाकेच्या अंतरावर. वस्तीतलं एक माणूस त्याला बोललं नसतं, उलट दहा जण पुट्टी घेऊन धावले असते. मोनप्पानं दोन्ही हात जोडले.

"न्हाई, वैनी. पंचमी झाल्यावर."

"एकच."

"पंचमी झाल्यावर. पयली मरळ तुजी."

ती माझ्याकडं वळली. "सायेब, तुमी तरी सांगा याला." मी नकाराची मान हलवली. त्या बाईनं मला आयुष्यभर पुरेल एवढं शिकवलं होतं, आणि मी तिला एक वाटी कालवण मिळवून देऊ शकलो नाही. मोनप्पा उठून गोठ्यामागं गेला. तो रडत होता, आवाज इथवर येत होता.

ती पंचमी तिला लाभली नाही. मला ते पंधरवड्यानं कळलं, आणि कळल्यावर मी बायकोसमोर रडलो, लपवत नाही.

पण त्या दुपारी मी निघायला उठलो तेव्हा सुनेनं भाकरीचा काला करून वाटी आणली होती. तिपव्वक्का बाजेवर टेकून बसली होती. एक घास घेतला, गिळायला वेळ लागला. गोठ्याकडं कान देऊन तिनं मोनप्पाचं हुंदके देणं ऐकलं. मग माझी बाही ओढून मला खाली वाकवलं आणि, पोरगा पहिल्या नंबरानं पास झाल्यावर आई शेजारणीला सांगते त्या सुरात, हळूच म्हणाली,

"बगितलाव काय सायेब? मला न्हाई म्हनला!"